बांधावरची कळलावी

वाडीत एकही माणूस धड नाही, असं भिवराबाईचं मत होतं, आणि ते तिनं कधी कुणापासून लपवून ठेवलं नव्हतं. भगवानराव पाटील तिच्या लेखी नुसता फुगलेला. राधाकिशन पटवारी त्याच्या मागंमागं फिरणारा लाळघोट्या. आणि घरात पाहावं तर पोटचा उत्तरेश्वर. त्याचं नाव निघालं की ती आधी बाजूला थुंकायची, मग बोलायची. तीस वर्षांचा घोडा झाला, पण चार माणसांत बोलायची वेळ आली की ह्याची जीभ टाळ्याला चिकटायची. बैलांशी मात्र घटका घटका बोलत बसायचा. सून सत्यभामा तेवढी बरी होती. ती बोलत नाही म्हणून बरी होती.

धारूरच्या घाटाखाली पन्नासेक घरांची ही वाडी. सगळ्यांच्या वर निजामसरकार, त्याच्याखाली तहसीलदार, त्याच्याखाली गिरदावर, मग पाटील, मग पटवारी, आणि सगळ्यांच्या तळाशी भिवराबाईसारखी रांडमुंड बाई, असं लोक समजत होते. भिवराबाई उलटीकडून मोजायची.

वैशाखात एका सकाळी ती धसकटं वेचायला रानात गेली, तर हद्दीचा दगड जागेवर नाही. तिथं नुसता खड्डा, त्यात मुंग्यांची रांग. ती हद्दीनं चालत गेली. दुसरा दगड नाही, तिसराही नाही. वर मान करून बघितलं तर तिन्ही दगड तिच्या रानात पंधरा पावलं आत येऊन उभे. दगडांच्या बुडाला माती अजून ओली होती. तिनं पदर खोचला, वेचलेली धसकटं तिथंच टाकली आणि पाटलाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत गावाकडं निघाली.

पंधरा पावलं म्हणजे काही थोडीथोडकी नव्हेत. त्यांचं वरचं रान नुसता मुरूम, तिथं हुलगे आले तर आले. वर्षाची ज्वारी निघायची ती नाल्याकडेच्या ह्या गाळाच्या पट्टीतून. पट्टी गेली तर घरानं काय खायचं, मुरूम? पलीकडं पाटलाची विहीर आणि विहिरीवर ऊस. दोन वर्षं पाऊस ओढ देत होता, विहिरीचं पाणी खाली गेलं होतं. पाणी खाली गेलं की मोटेचा नाडा लांब करावा लागतो, आणि नाडा लांब झाला की बैलांना मागं-पुढं करायची धावही लांब लागते. धाव लांबवायची तर पुढं भिवराबाईची पट्टी आडवी. पाटलानं पट्टी विचारली नाही, की खंडानं मागितली नाही. त्यानं दगड उचलले.

चावडीत पाटील लोडाला टेकून पान लावत होता. काकी, ऊन लई हाय, सावलीला या, असं तो गोड बोलला. भिवराबाईनं पायरीवर पाऊलसुद्धा ठेवलं नाही. उन्हातच उभं राहून तिनं दगडांचं विचारलं. पाटील म्हणाला, दगडांना काय पाय असतात का, ते होते तिथंच आहेत. राधाकिशननं दप्तर उचकल्यासारखं केलं आणि सांगितलं की गावच्या नकाशाला वाळवी लागली. दुसरा नकाशा आहे तो मोमिनाबादच्या कचेरीत. श्रावणात गिरदावरसाहेब पिकं पाहायला येतील, तेव्हा दगडावरून मोजून घेऊ.

"दगडावरनं मोजायचं न्हाई," भिवराबाई म्हणाली. "माज्या सासऱ्याच्या कळलावीवरनं मोजायचं."

चावडीत बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सासऱ्याची गोष्ट त्यांना ठाऊक होती. सासरा धुळाजी हा एकच माणूस भिवराबाईला आयुष्यात पटला, कारण त्याचाही कुणावर विश्वास नव्हता. दगड काय, अंगात रग असलेला कुणीही उचलून नेईल, असं तो म्हणायचा. म्हणून तो धारूरच्या किल्ल्यामागच्या दरीत उतरला, काट्यांत अंग फाडून घेतलं, आणि कळलावीचे अकरा कंद आणून त्यानं ह्या बांधावर ओळीनं लावले. कळलावी त्या डोंगरात शोधून सापडायची नाही. गुराख्यांनासुद्धा वर्षा-दोन वर्षांत एखादी दिसली तर दिसली. उन्हाळाभर जमिनीवर तिची काडीही नसते. श्रावण आला की वेल वर येतो, पानांच्या शेंड्यांनी गवताला धरत चढतो, आणि लालभडक फुलं उलट्या पाकळ्यांची वर तोंड करून उभी राहतात. विषारी म्हणून जनावर तोंड लावत नाही. घरात नेली तर भांडणं लागतात म्हणून माणूस हात लावत नाही. धुळाजीला बांधाला असाच राखणदार हवा होता.

हात लावायची ती एकटी भिवराबाई. कुणी बाई अडली की ती एक कंद उकरायची, उगाळून तळपायाला लेप द्यायची, आणि मूल बाहेर आल्याबरोबर लेप धुऊन टाकायची. उरलेला तुकडा परत होता तिथं पुरायची. उत्तरेश्वर लहान असताना कुदळ घेऊन तिच्याबरोबर असायचा. तिनं त्याला दाखवलं होतं की कंद नांगरासारखा दोन फाट्यांचा असतो आणि फाट्याच्या टोकाला एकेकच डोळा असतो. डोळा मोडला की तो फाटा मेला, कितीही पाणी घाला. आणि अख्खा कंद खुशाल हातात धरावा, काही होत नाही. मोडला की मात्र त्याचा चीक हाताला भाजतो. पोरगं ऐकायचं आणि मान हलवायचं. ह्याच्या डोक्यात काही शिरतंय का, असं तिला तेव्हाही वाटायचं.

पाटलानं पान तोंडात सारलं. "चालंल की काकी. फुलं येतील तिथं बांध. गिरदावरापुढं आपून दोघं तसंच सांगू."

एवढ्या सहज कबूल झाला तेव्हा तिला संशय यायला हवा होता. तिला वाटलं, आपल्याला भ्याला. ती घरी आली ती नाक वर करूनच.

चार दिवसांनी कोतवाल दारात आला. उत्तरेश्वरला पाटलाच्या वेठीला बोलावलं होतं, धावेची माती काढायची आहे म्हणून. वेठ म्हणजे फुकटचं राबणं. नाही म्हणायची सोय नव्हती, हे भिवराबाईलाही माहीत होतं. तरी तिनं उत्तरेश्वर कुदळ खांद्यावर टाकेपर्यंत त्याची सालटी काढली. ज्यानं आपलं रान गिळलं त्याच्या दारी राबायला निघालास, तोंडानं एकदा तरी नाही म्हण, असं ती म्हणाली. गोठ्यापाशी थांबून तो बैलाच्या पाठीवर हात फिरवून गेला.

तीन दिवस तो दिवस मावळायला परत येत होता. तिसऱ्या दिवशी जेवायला बसला तेव्हा भाकरी मोडताना तो नुसती बोटांची टोकं वापरत होता. सत्यभामेनं खोबरेल आणून ठेवलं, तर त्यानं डोळ्यानं तिला दटावलं. भिवराबाईनं त्याचं मनगट धरून हात उलटा केला. तळवा लालबुंद झाला होता आणि कातडीचे पापुद्रे निघाले होते.

सकाळी ती उठली आणि थेट बांधावर गेली. जुन्या हद्दीवरची माती अकरा ठिकाणी उकरून परत सारखी केलेली, वरून काट्याची फांदी फिरवलेली. आणि पंधरा पावलं आत, नव्या दगडांच्या ओळीत, अकरा ठिकाणी तशीच ताजी माती. पाटलानं हे केलं ह्याचं भिवराबाईला नवल वाटलं नाही. पाटील तो, दुसरं काय करणार. पण कळलावीचा कंद न मोडता काढायची कला सगळ्या वाडीत दोघांनाच येत होती, आणि त्यातला एक तिच्या पोटचा होता.

घरी आली तेव्हा उत्तरेश्वर बैलांपुढं कडबा टाकत होता.

"किती काढलेस?" तिनं विचारलं.

"अकरा."

"आन तिकडं किती लावलेस?"

"अकरा." त्यानं मागं वळून रस्त्याकडं पाहिलं. पाटलाचा गडी बैलं पाण्यावर घेऊन निघाला होता. उत्तरेश्वरनं आवाज खाली आणला. "माय, तेवढा श्रावण येऊ दे. तवर कुणाला बोलू नको."

"श्रावणात काय दिवे लावणार हायस?"

तो पुन्हा रस्त्याकडं बघत राहिला. भिवराबाई त्याच्या पायापाशी थुंकली आणि आत गेली. लाज झाकायला म्हणतोय बोलू नको, असं तिनं धरलं. अशा माणसाशी आणखी काय बोलायचं?

त्या दिवसापासून तिनं त्याचं ताट आत वाढायचं बंद केलं. पाटलाच्या वाड्यात वेठबिगाऱ्यांची भाकरी पळसाच्या पानावर घालून गोठ्यात ठेवायची रीत होती. तिनं घरात तीच रीत चालू केली. पानावर भाकरी, भाकरीवर मिरचीचा ठेचा, आणि पान नेऊन गोठ्यात आपटायचं. शेजारच्या बायका बघतात हे पाहून ती आणखी मोठ्यानं आपटायची. सत्यभामा पदर तोंडाला लावून रडायची, तर तिला म्हणायची, रडू नको, नवरा पाटलाचा झालाय, लुगडं आणील तुला. उत्तरेश्वर बैलांच्या शेणामुतात बसून निमूट भाकरी खायचा. त्याच्या त्या निमूटपणाची तिला जास्तच किळस यायची.

एवढ्यानं तिचं भागलं नाही. आता श्रावणात फुलं खोट्या ओळीत येणार आणि आपल्याच तोंडच्या शब्दानं पट्टी जाणार, हे तिला दिवसरात्र खात होतं. तिनं ठरवलं की फुलांची बात आपणच मोडून काढायची. मग गिरदावराला मोमिनाबादहून नकाशा आणवावाच लागेल. जेठ महिन्यात एका दुपारी चावडी भरलेली पाहून ती गेली आणि सगळ्यांसमक्ष बोलली. पाटलानं माझ्या पोराच्या हातून कंद हलवले. त्याचे हात जाऊन बघा. असला पोरगा पोटात असताना मेला असता तर बरं झालं असतं.

पाटलाचा चेहरा क्षणभर उतरला. मग राधाकिशन त्याच्या कानाशी लागला, आणि चेहरा परत जागेवर आला.

"बरं, काकी. म्हंजी आता तुमचंच म्हणणं की फुलं खोटी?"

"खोटीच."

"मग धरायची का सोडायची?"

"सोडायची. त्या फुलावर माजा भरवसा न्हाई."

राधाकिशननं कागद काढला आणि भराभरा लिहिलं. लिहिलेलं वाचून दाखवलं: कळलावीची फुलं कुठंही येवोत, त्यावरून हद्द मोजणं बाईला मंजूर नाही. भिवराबाईनं ऐकलं, मान हलवली. तिचंच म्हणणं होतं ते. तिनं अंगठा शाईला लावला.

तेवढ्यात उत्तरेश्वर पळत आला. कुणीतरी त्याला रानात सांगितलं असणार. पायांना माती, छाती भात्यासारखी हालत होती. सगळ्या चावडीदेखत तो म्हणाला, "माय, अंगठा देऊ नको."

उभ्या जन्मात त्यानं चार माणसांत उच्चारलेलं हे पहिलं वाक्य. बसलेले म्हातारेसुद्धा चमकले. भिवराबाई त्याच्याकडं वळली.

"आज तोंड फुटलं व्हय तुला? पाटलाचे कंद लावताना कुठं गेलतं?"

त्यानं पाटलाकडं पाहिलं. पाटील त्याच्याकडंच बघत होता. उत्तरेश्वरनं ओठ उघडले, परत मिटले. भिवराबाईनं कागदावर अंगठा दाबला, अगदी शाई पसरेपर्यंत.

पुढं पाऊस बरा झाला. उत्तरेश्वरनं वरच्या मुरमाला कुळव घातला, पेरायला पाभर धरली. बैलांपुढं सत्यभामा, बी सोडायला चाड्यावर मूठ भिवराबाईची. मायलेक दिवसभर एका पाभरीला राबायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. पाभर नव्या दगडांपाशी आली की तो बैलं वळवायचा. पट्टी तशीच पडीक राहिली, तिच्यावर हरळी माजली. मोजणी होईपर्यंत पाटलानंही धाव पुढं नेली नव्हती. त्याला आता घाई नव्हती.

श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी सत्यभामा गवताचा भारा घेऊन आली. भारा तिनं खाली टाकला आणि ती सासूपुढं उभी राहिली.

"आत्याबाई, कळलावी आलीया."

"आलीच असंल. तुज्या नवऱ्यानं लावल्यालीच हाय."

"तिथं न्हाई," सत्यभामा म्हणाली. "जुन्या बांधाला आलीया."

भिवराबाई पायात वहाण न घालता गेली. नव्या दगडांच्या ओळीत नुसतं तण होतं, एक कोंबसुद्धा नाही. आणि पंधरा पावलं पलीकडं, धुळाजीच्या ओळीत, हरळीला पानांच्या शेंड्यांनी धरून नऊ वेल उभे होते. बुडाला पिवळी, वर लाल, अशी फुलं वाऱ्यावर हलत होती. दोन आले नव्हते, त्यांची जागा रिकामी दिसत होती. ओळ इतकी सरळ होती की दोरी धरल्यासारखी.

तिनं गुडघे टेकले आणि एका वेलाच्या बुडाची माती बोटांनी उकरली. कोपरापर्यंत हात गेला तेव्हा कंद लागला. सुकत आलेला, एकाच फाट्याचा. दुसरा फाटा होता तिथं मोडल्याची खूण होती, वाळून खपली धरलेली.

तेव्हा तिला उत्तरेश्वरचे तळवे आठवले. अख्ख्या कंदानं हात भाजत नाही. मोडल्यावर भाजतो. हे तिनंच त्याला शिकवलं होतं, आणि पोराचा हात हातात धरून, डोळ्यांनी बघूनसुद्धा तिला कळलं नव्हतं. पाटील सावलीत बसून राहिला असणार आणि ह्यानं उन्हात अकराच्या अकरा कंद मधोमध मोडले. एक फाटा डोळ्यासकट जुन्या खड्ड्यात खोल पुरला. दुसऱ्याचा डोळा नखानं खुडला आणि तो मेलेला फाटा पाटलासमोर पाटलाच्या ओळीत लावला. तीन दिवस तो हात जाळत होता. भिवराबाईनं मातीचा हात आपल्याच थोबाडावर मारून घेतला.

तिसऱ्या दिवशी गिरदावर घोड्यावरून आला. त्याला अजून दोन गावं करायची होती. भिवराबाई घोड्याच्या पुढं पुढं पळत त्याला बांधावर घेऊन गेली, फुलं दाखवली, सासऱ्याचं सांगितलं. गिरदावर खाली उतरला. फुलं बघून खूश झाला, एक तोडून घेतलं. राधाकिशननं हळूच सांगितलं की हुजूर, हे घरी नेत नाहीत, घरात झगडा लागतो. गिरदावर हसला आणि फूल खाली टाकलं. मग राधाकिशननं कागद पुढं केला.

"बाई, ये अंगूठा तुम्हारा?"

"माजाच हाय," ती म्हणाली. "पर म्या चुकले, साहेब. मला ठावं नव्हतं. फुलं खरी हायती."

"कागजपर तो लिखा है, फूल मंजूर नहीं."

"म्या चुकले," ती परत म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा म्हणत होती, आणि ते ऐकायला पाटील, पटवारी, कोतवाल, झाडून सगळे उभे होते. ज्यांच्याकडं तिनं कधी सरळ नजरेनं पाहिलं नव्हतं त्यांच्यापुढं ती हात जोडून उभी होती. तिनं मोमिनाबादच्या नकाशाचं काढलं. गिरदावर वैतागला. स्वतःच नाही म्हणायचं, स्वतःच हो म्हणायचं, असल्या बाईच्या बोलण्यावर नकाशे मागवत बसलो तर सरकारचं काम कधी व्हायचं? पाटील खाली बघत मिशीतल्या मिशीत हसत होता. साखळी दगडावरून धरली गेली. ऊन चढायच्या आत मोजणी संपली आणि पट्टी पाटलाची झाली.

पाटलानं दुसऱ्याच दिवशी धाव खणायला घेतली. कोतवाल परत दारात आला आणि परत उत्तरेश्वरचंच नाव घेतलं. पाटलाला आता कळलं होतं की पोरानं आपल्याला कसं बनवलं, आणि त्याचा वचपा त्याला काढायचा होता. पहिली कुदळ त्यानं उत्तरेश्वरलाच धुळाजीच्या ओळीवर मारायला लावली. भिवराबाई वरच्या मुरमात उभी राहून बघत होती. नऊ वेल एकामागून एक पडले. दुपारपर्यंत त्या जागेवरून बैल मागं-पुढं करू लागले, आणि फुलं त्यांच्या खुरांखाली शेणात गेली.

ती घरी आली. चूल पेटवली, ज्वारीच्या भाकरी भाजल्या, होतं नव्हतं तेवढं तूप काढलं. आत पाट मांडला, पाटापुढं पितळी ठेवली. उत्तरेश्वर आला, पाय धुतले, आणि उंबऱ्यातून आत न पाहता गोठ्याकडं वळला. ती मागोमाग गेली.

"मला कावून सांगितलं न्हाईस?" तिनं विचारलं.

तो बैलाच्या मानेवरच्या गोचिड्या काढत होता. सावकाश बोलला, बैलाशी बोलायचा तसाच.

"तुला सांगितलं असतं तर तू चावडीपुढं जाऊन पाटलाच्या तोंडावर हसली असतीस. सांजच्याला सगळं उकरून परत लावून घेतलं असतं त्यानं."

ती हसलीच असती, हे तिलाही माहीत होतं.

"आत चल. ताट वाढलंय."

"वेठीचा माणूस मी, माय," उत्तरेश्वर म्हणाला. "हितंच बरा हाय."

सत्यभामेनं पळसाचं पान पुसून त्याच्यापुढं ठेवलं आणि पितळीतली भाकरी आणून त्यावर घातली. तो बोटांच्या टोकांनी तुकडे मोडून खाऊ लागला. तळवे अजून नीट भरले नव्हते. भिवराबाईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. जीभ टाळ्याला चिकटली होती.